पिसे ढोलकीवरचा पंजा

सिद्धू बनसोडेला रहिमतपुरात दोन कारणांनी ओळखत. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि खंडाळ्यापासून शिराळ्यापर्यंत त्याच्या तोडीचा ढोलकीवाला नव्हता. यातलं पहिलं त्यानं पाटीवर लिहून लावलं होतं. दुसरं लोक सांगत.

मी इथल्या शाळेत शिकवायचे; पाचवी ते सातवी तो माझ्या वर्गात होता. बाकावर बोटं वाजवतो म्हणून मी त्याला उभं करी. उभा राहिला की तो मांडीवर वाजवी. पुढे दुकानातसुद्धा चाकाच्या तारा तो टिचकी मारून, कान देऊन ऐकायचा, आणि कुठली ढिली आहे ते न बघता सांगायचा.

त्याचे वडील हलगी वाजवत. गावचं काही निघालं की चावडीवरून सांगावा यायचा आणि उठून जावं लागायचं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी हलगी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. मुलानं भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी धरली तेव्हा त्यांनी एकच अट घातली, बोलावणं नावानिशी आलं पाहिजे. सिद्धूनं ती पाळली. ‘वाजवणारा पाठवून द्या’ असा निरोप आला तर तो जागचा हलायचा नाही. ‘सिद्धार्थ बनसोडे यांनी यावे’ अशी चिठ्ठी आली की सायकलवर ढोलकी बांधून वीस मैल जायचा. पुढे एका ऑर्केस्ट्रात त्याची कायमची जागा झाली, तिथंही मालकानं घरी येऊन, चहा पिऊन त्याला नेलं होतं.

आमच्या भागात त्याच्यामुळे एक रीत पडली होती. कुठल्याही भजनी मंडळानं, गाण्याच्या पार्टीनं नवी ढोलकी घेतली की ती आधी सिद्धूकडे आणायची. त्यानं तिच्यावर पहिला हात टाकायचा. तो ग्रीस लागलेले हात धुवायचा, दुकानाच्या पायरीवर बसायचा, दोन्ही तोंडांवर चार-चार थापा द्यायचा आणि सांगायचा, ठेव, नाहीतर परत कर. ‘परत कर’ म्हटलेली ढोलकी कुणी ठेवल्याचं मला आठवत नाही. याबद्दल त्यानं कधी काही घेतलं नाही. कुणी नारळ ठेवलाच तर प्रियदर्शनी, त्याची बायको, तो फोडून आणणाऱ्यांनाच वाटून टाकी.

तो स्वतः वाजवायचा ती ढोलकी गुंडातात्यांनी केलेली असायची. गुंडातात्या शिराळ्याचे. लाकूड स्वतः निवडणार, खोड स्वतः कोरणार, चामड्याची पुडी स्वतः मढवणार, तिच्यावर शाई स्वतः घोटणार. दोरी आणि कड्यांची जुन्या पद्धतीची ढोलकी. तिच्यावर ना नाव, ना चित्र. पावसाळ्यात सिद्धू त्यांच्याकडे जाऊन बसायचा, आणि बोलण्यापेक्षा बघायचाच जास्त.

पंचाण्णव साली सांगलीहून नाथाजी पिसे आले. त्यांचं वाद्यांचं मोठं दुकान होतं. तोवर नट-बोल्टच्या ढोलक्या निघाल्या होत्या. दोरी ओढत बसायला नको, पान्यानं पीळ दिला की स्वर चढला. नाथाजींनी अशा ढोलक्या कारखान्यासारख्या करायला घेतल्या होत्या. त्यांनी एक ढोलकी सिद्धूपुढे ठेवली. सिद्धूनं हात धुऊन चार थापा दिल्या, आणि पुन्हा चार दिल्या. नंतर मला म्हणाला, “बाई, ती वाजत नव्हती, बोलत हुती.”

तीन वर्षांचा करार झाला. जाहीर कार्यक्रमात सिद्धू पिसे ढोलकीच वाजवील, दुसरी नाही. नाथाजी दरवर्षी नवी ढोलकी देतील आणि कॅलेंडरवर त्याचा फोटो छापतील. करारात नाव ‘श्री. सिद्धार्थ बनसोडे’ असं नीट घातलेलं होतं. ते नाव सिद्धूनं दोनदा वाचलं, आणि मग सही केली. शिराळ्याला जाऊन गुंडातात्यांना त्यानं स्वतः सांगितलं. तात्या शाई घोटत होते. बरं, म्हणाले, आणि घोटत राहिले.

कॅलेंडर घरोघर लागलं. न्हाव्याच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात, माझ्या स्वयंपाकघरातही. निळा कोट घातलेला सिद्धू, मांडीवर ढोलकी, खाली ‘माझा हात पिसे ढोलकीवर’. पुढच्या वर्षी नाथाजींनी सिद्धूचा हात शाईत बुडवून त्याचा ठसा घेतला, त्याचे स्टिकर छापले आणि दुकानातल्या प्रत्येक ढोलकीवर चिकटवले. एका गावचे सरपंच विरोधी पार्टीचे होते. ते म्हणाले, ही ढोलकी हाय का इलेक्शनचं चिन्ह, आमच्या देवळात पंजा चालायचा न्हाई. मंडळानं स्टिकरवर हळद-कुंकू फासलं आणि ढोलकी देवळात नेली. हे सांगताना सिद्धू पोट धरून हसत होता.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नाही, आणि मीही त्याला दाखवून दिली नाही. पायरीवर आता कुणी ढोलकी घेऊन येत नव्हतं. हात पिसेंच्या दुकानातूनच लागून येत होता.

सत्त्याण्णवच्या श्रावणात रंगूबाई आल्या. जवळच्याच गावच्या. नवरा फौजेतून पेन्शनवर आलेला, घरचा ऊस. पन्नाशीत त्यांनी बायकांचं भजनी मंडळ काढलं होतं आणि ढोलकी स्वतः वाजवायच्या. कासोट्याच्या लुगड्यातली ती बाई एसटीतून उतरून, ढोलकी काखेत मारून थेट दुकानात आली आणि ढोलकी सिद्धूच्या मांडीवर ठेवली. मी तेव्हा सायकलला हवा भरायला गेले होते.

“वाजीव.”

त्यानं थाप दिली. ओल्या पोत्यावर मारावं तसा आवाज आला. शाईचे पोपडे निघाले होते. पुडी चढवायला म्हणून बोल्ट पिळले, तर खोडाची कड आत दबली होती.

सिद्धूनं विचारलं, कुठनं घेतली, मावशी? त्यांनी ढोलकी फिरवून त्याच्यापुढे पंजा धरला.

“आमी तुझा हात इकत घेतला बाबा. ढोलकी वर फुकट आली म्हणायची.”

सिद्धूचं तोंड उतरलं. त्यानं हातातलं काम बाजूला टाकलं आणि तिथंच ढोलकी उघडली. वरून शिसवीचा रंग, आत आंब्याचं मऊ लाकूड. मग तो घरी गेला आणि स्वतःची ढोलकी घेऊन आला. तिचे बोल्ट सोडले. पिसेंनी दुसऱ्या वर्षी दिलेली ही ढोलकी त्यानं कधी उघडली नव्हती, पुडी बदलायची असली की त्यांच्या दुकानातला माणूस घेऊन जायचा. आत अस्सल शिसव होतं. आणि मोठ्या तोंडाच्या आतल्या कडेला पटाशीच्या दोन तिरप्या खुणा होत्या.

त्या खुणा तो ओळखत होता. झाडाची मुळाकडची बाजू ढोलकीच्या मोठ्या तोंडाला यावी, उलटसुलट होऊ नये, म्हणून गुंडातात्या लाकूड कापताच अशा दोन खुणा करायचे. दुसरं कुणी करत नव्हतं.

रंगूबाईंना काही कळेना. सिद्धू त्यांना म्हणाला, “मावशी, ही हितंच राहू द्या. मला लागंल.”

दुसऱ्या दिवशी तो शिराळ्याला गेला. तिथं जे बोलणं झालं ते त्यानं मला शब्दाला शब्द सांगितलं. गुंडातात्यांनी ढोलकी बघितली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “वळखायला वरीस लागलं व्हय रं तुला?”

नट-बोल्टनं आवाज थोडा बदलतो, असं काहीतरी सिद्धू बोलायला गेला. तात्यांनी हात वर करून थांबवलं. त्यांच्या कामाच्या जागी पूर्वी चार-सहा खोडं वाळत असायची. आता एकच होतं. सिद्धूनं विचारलं, तात्या, तुमी त्येला का दिली?

“तू गेलास, तशी माणसं गेली,” तात्या म्हणाले. “दारात यायची आन् इचारायची, सिद्धू कुठली वाजीवतो? मी खोटं बोलू का? म्हणलं पिसेंची. गेली पिसेंकडं. मग नाथाजी आला. म्हणला, एक झकास करा, नाव घालू नका. मी कवा घातलं हुतं नाव?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच सिद्धूला परतीच्या गाडीत बसवेना, तो इस्लामपूरपर्यंत उभाच होता.

नाथाजी माणूस वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. गिऱ्हाइकाला चहा दिल्याशिवाय सोडत नसत. सिद्धू सांगलीला गेला तेव्हाही त्यांनी आधी चहा मागवला आणि मग शांतपणे समजावलं. वादकाचं वाद्य वेगळंच करावं लागतं, सगळीकडे असंच चालतं, यात फसवणूक कसली? भजनातल्या बायकांना शिसव आणि आंबा कुठं कळतो? लोक आवाज विकत घेत नाहीत, भरवसा विकत घेतात. आणि तो भरवसा पिसे नावावर आहे, तुझ्यावर नाही. उद्या तुझ्या जागी दुसऱ्याचा फोटो लावला तरी माल जाईल.

सिद्धू म्हणाला, मग माझा पंजा काढा. आत्ता काढा.

करार अजून वर्षभर आहे, नाथाजी म्हणाले. पुढच्या महिन्यात दुकानाला पंचवीस वर्षं होतात, नाट्यगृहात कार्यक्रम आहे, तिथं तुला वाजवायचं आहे. आणि मग ते एक वाक्य बोलून गेले. “सिद्धू, वाजवणाऱ्यानं वाजवावं. बाकीचं बघायला आम्ही आहोत.”

हे वाक्य सिद्धूनं वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांना ते चावडीवर ऐकवलं गेलं होतं. चहा अर्धा ठेवून तो उठला. येतो म्हणाला, आणि नक्की येतो म्हणाला.

प्रियदर्शनीला काळजी पडली. ऑर्केस्ट्राची सगळी वाद्यं नाथाजींकडून यायची, मालक त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. ती म्हणाली, आवं, वर्ष काढा गप, मग सोडा. सिद्धू म्हणाला, एका वर्षात अजून किती जणांच्या गळ्यात माझा हात बांधायचा? कार्यक्रमाच्या दिवशी त्याचा निळा कोट तिनं इस्त्री करून ठेवला होता. त्यानं तो घातला नाही. ती म्हणाली, बरं केलंत.

सांगलीला आम्ही रेल्वेनं गेलो. सिद्धू, प्रियदर्शनी, मी आणि रंगूबाईंचं सगळं मंडळ, अकरा बायका. सिद्धूच्या दोन्ही खांद्यांना दोन ढोलक्या होत्या, दोन्हींवर पिसे नाव, दोन्हींवर पंजा. नाट्यगृह दुपारीच भरलं होतं. पडद्यावर सिद्धूचा माणसापेक्षा मोठा फोटो.

त्यानं आधी रंगूबाईंची ढोलकी काढली. करार मोडत नव्हताच, ती पिसेंचीच होती. सकाळी तासभर बसून त्यानं ती होईल तेवढी सावरून घेतली होती. आणि तो वाजवायला लागला.

तिथं त्याची चूक झाली. त्याला वाटलं होतं, ढोलकी आपोआप उघडी पडेल. पण हात त्याचा होता. जिथं पुडी मेलेली होती तिथं तो बोटच टाकत नव्हता, कडेच्या बोटभर जागेतून त्यानं असा काही बोल काढला की लोक टाळ्या वाजवायला लागले. नाथाजी माईकवर आले. म्हणाले, बघा मंडळी, ही आमच्या दुकानात कुणालाही मिळते तीच ढोलकी. शिट्ट्या वाजल्या. माझ्या शेजारचा गृहस्थ आपल्या मुलाला म्हणाला, हीच घेऊ.

सिद्धू थांबला. मी त्याला लहानपणापासून बघते आहे, पण इतका गोंधळलेला कधी बघितला नव्हता. त्याला हवं होतं त्याच्या बरोबर उलट झालं होतं. क्षणभर वाटलं, हा आता नमस्कार करून उतरेल आणि संपेल सगळं.

त्यानं माईक ओढला. म्हणाला, शेठ म्हणतात ते खरं हाय, ही दुकानातली ढोलकी हाय. ही रंगूबाई मावशींनी घेतलेली. तवा त्यांनीच वाजवावी. मावशी, वर या.

रंगूबाई अशा उठल्या, जणू त्यांना ठाऊकच होतं. गिऱ्हाइकाला स्टेजवर येऊ नको म्हणायची नाथाजींना सोय नव्हती. त्या खाली बसल्या, पदर खोचला आणि रोजचा भजनाचा ठेका धरला. ठेका बरोबर होता. पण आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे गेला नाही. थप, थप, थप. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

सिद्धूनं त्यांच्यापुढची ढोलकी उचलली आणि स्वतःची ठेवली. “आता हिच्यावर. त्योच ठेका.”

त्याच बोटांनी, त्याच ठेक्यात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. रंगूबाई स्वतःच दचकल्या, हात थांबवून त्यांनी ढोलकीकडे बघितलं, आणि मग हसून जोरात वाजवायला लागल्या. त्यांच्या मंडळातल्या बायकांनी खालून टाळ धरला.

नाथाजी पुढे आले. हसतमुखानंच म्हणाले, पहिल्यांदा बाईंचा हात बसला नव्हता, आता बसला.

रंगूबाईंनी ठेका सोडला नाही. मान फक्त वळवली. “हात त्योच हाय, शेठ. ढोलकी बदलली.”

पुढचं सिद्धूनं सांगितलं. दोन वाक्यांतच. ही मला दिलेली ढोलकी शिराळ्याच्या गुंडातात्यांनी केली आहे, पिसेंनी नाही. तुम्हाला मिळते ती दुसरी. आणि शेवटी म्हणाला, “माझा हात बघून कुणी ढोलकी घेऊ नका. माझीबी परवा परवापर्यंत फसगत झाली हुती.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघत होते. आम्ही उतरलो तेव्हा दारात नाथाजींच्या माणसानं सिद्धूला सांगितलं, उद्यापासून ऑर्केस्ट्रात यायची गरज नाही. सिद्धू म्हणाला, उद्या माझ्या दुकानात चार चाकं बांधायची हायेत, मला तसाबी येळ न्हाई.

यानंतर पिसेंचं दुकान बुडालं असं कुणाला वाटलं तर तसं झालं नाही. दिवाळीला नवं कॅलेंडर आलं. त्यावर साईराज नावाचा, लांब केसांचा, देखणा तरुण वादक होता. ढोलक्या जात होत्या. थोड्या कमी म्हणतात, पण जात होत्या. नाथाजींचं निम्मं म्हणणं खरंच ठरलं. सिद्धू हे मान्य करायचा. म्हणायचा, लोकांनी कुणाकडं बघून घ्यावी त्यो त्यांचा प्रश्न. माझ्याकडं बघून घेतली त्येवढी माझ्यावर.

तेवढ्यांसाठी तो गावोगाव हिंडू लागला. सायकलच्या कॅरिअरला रॉकेलची बाटली, ब्लेड आणि जुनं फडकं. देवळात, समाजमंदिरात, तालमीत जायचा, पिसे ढोलकी आहे का विचारायचा, आणि स्वतःचा पंजा रॉकेलनं भिजवून खरवडून काढायचा. ढोलकी बरी असेल तर तसं सांगायचा. सगळ्या वाईट नव्हत्या. पुडी गेली असेल तर गुंडातात्यांकडून मढवून आणून द्यायचा. काही ठिकाणी लोक हसले. एका गावात म्हणाले, राहू दे की रं गड्या, शोभा दिसती. तो म्हणाला, शोभेला दुसऱ्या कुणाचा लावा.

वकिलाची नोटीस आली. स्टिकर ही दुकानाची मालमत्ता आहे, ती नष्ट करण्याचा अधिकार आपल्याला नाही, वगैरे. ती घेऊन तो माझ्याकडे आला. उत्तर लिहून द्या म्हणाला. मी मायना घातला आणि विचारलं, पुढे काय लिहू? त्यानं सांगितलं ते मी तसंच लिहिलं. ‘ढोलकी तिच्या मालकाची आहे, आणि मी त्याला विचारूनच स्टिकर काढतो. हात माझा आहे. तो कुठे ठेवायचा आणि कुठून काढायचा हे मी ठरवीन.’ खाली पूर्ण नाव घालून सही केली. त्या नोटिशीचं पुढे काही आलं नाही.

ऑर्केस्ट्रानं त्याला पुन्हा बोलावलं नाही. भीमगीतांच्या पार्ट्या बोलवायच्या. तिथं तो गुंडातात्यांची दोरीची ढोलकी वाजवायचा, आणि कुणी कुठली म्हणून विचारलं तर सांगायचा नाही. फार मागे लागलं तर म्हणायचा, माझ्या मांडीवर बसंल अशी हाय, तुझी मांडी येगळी.

अठ्ठ्याण्णवच्या फाल्गुनात रंगूबाईंच्या मंडळानं नवी ढोलकी घ्यायचं ठरवलं. शिराळ्याला जायचं, सिद्धूनं सोबत यावं, असा निरोप आला. नावानिशी होता. त्या दिवशीही मी बरोबर गेले. गुंडातात्यांकडे चार ढोलक्या तयार होत्या. बऱ्याच दिवसांनी तिथं शाईचा आणि ओल्या चामड्याचा वास भरून राहिला होता. सिद्धू चपला काढून आत पाऊल टाकणार तोच रंगूबाईंनी दार अडवलं.

“तू भाईर थांब.”

“आवं मावशी, बघून तर देतो.”

“बघायला आमाला कान हायेत. एकदा तुझा हात बघून घेतली न्हवं?”

आतून गुंडातात्या मोठ्यानं हसले. सिद्धू परत वळला आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या सावलीत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

आतून थापा यायला लागल्या. एक बाई वाजवायची, बाकीच्या ऐकायच्या, मग दुसरी वाजवायची. मध्येच वाद व्हायचा, मध्येच हसू यायचं. पाऊण तास गेला. सिद्धू डोळे मिटून ऐकत होता. तिसरी ढोलकी वाजली तेव्हा त्याचा हात माझ्या पिशवीवर आपोआप ठेका धरायला लागला. तीच सगळ्यात सरस होती, हे त्या ठेक्यावरूनच मला कळलं.

बायका बाहेर आल्या त्या ती सोडून दुसरी घेऊन. रंगूबाईंनी ती छातीशी धरली होती. त्या सिद्धूपुढून चालत गेल्या. बरी आहे का, असं त्यांनी विचारलं नाही.

मी म्हटलं, सिद्धू, सांग की त्यांना.

“नगं, बाई,” तो म्हणाला. “त्यांनी ऐकून घेतली हाय.”

आणि तो पुढे जाऊन एसटी स्टँडवर त्यांच्यासाठी जागा धरायला लागला.